दोघांच्या मापाचा कोट

मी एक जुना कोट आहे. रंग विचाराल तर एके काळी गडद निळा होतो. आता उन्हात धरलं तर निळा आणि सावलीत ठेवलं तर नुसताच मळका दिसतो. सध्या माझा मुक्काम तुमच्या शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत, नाटकाच्या पेटीत असतो. माझ्या एका बाजूला पुठ्ठ्याचा मुकुट आहे, दुसऱ्या बाजूला पोस्टमनची पिशवी आणि अंगावर कापसाची पांढरी दाढी. कधीमधी पेटी उघडते आणि तुमच्यापैकी कोणीतरी मला चढवून डॉक्टर होतं, वकील होतं, नाहीतर कडक मुख्याध्यापक होतं. यंदा चष्मा लावणारी एक मुलगी माझ्यात शिरून साहेब झाली होती. पडद्यामागे उभी असताना तिने माझ्या बाहीच्या काठावरून बोट फिरवलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं, खांदे बघ केवढे, आणि बाह्या मागाहून कापल्यासारख्या. हा नक्की कोणाचा होता गं?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्याबद्दल फक्त एका शिंपिणीने विचारला होता आणि तिला मिळालेलं उत्तर खोटं होतं. म्हणून आज मीच खरं सांगून टाकतो. गोष्ट फारशी गोड नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. शिंपी काकांचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कापडाचे तागे एवढ्यानेच ते दुकान भरून जायचं, गिऱ्हाइकाला दारातच उभं राहावं लागायचं. एका दुपारी तिथे दोन तरुण आले. एकाचे खांदे दाराला घासतील इतके रुंद, पण उंची बेताची. दुसरा इतका लांब आणि इतका किडकिडीत की त्याचं माप घ्यायला काकांना स्टुलावर चढावं लागलं. रुंद होता त्याला सगळे पैलवान म्हणायचे, जरी त्याने जन्मात कधी कुस्ती खेळली नव्हती. उंच होता तो बांबू. दोघं समोरच्या रस्त्यावर, जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्याच्या दुकानात कामाला होते.

काकांनी विचारलं, "दोन कोट ना?"

"नाही, एकच," पैलवान म्हणाला. "दोघांत मिळून."

काकांनी खडू कानामागे खोचला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अरे, याचा कोट तुला घातला तर फाटेल आणि तुझा याला घातला तर कोपरापर्यंत येईल. मी शिवायचा कोणाच्या मापाने?"

बराच खल झाला. शेवटी बांबूनेच तोड काढली. खांदे आणि छाती पैलवानाच्या मापाची ठेवायची, कारण तंग कोट उसवतो. बाह्या बांबूच्या मापाच्या ठेवायच्या, कारण लांब बाही आत दुमडता येते, आखूड बाही ओढून लांब होत नाही. आतल्या बाजूला दोन खिसे ठेवायचे, डावा बांबूचा आणि उजवा पैलवानाचा. काका हसता हसता माप लिहून घेत राहिले. अस्तर, कॉलरीतलं कडक बकरम, कच्ची शिलाई, पक्की शिलाई असं करत करत मी तयार झालो आणि पहिल्या दिवसापासून अर्धा एकाचा, अर्धा दुसऱ्याचा राहिलो. पैलवान मला घालायचा तेव्हा बाह्या आत दुमडून सेफ्टी पिन लावायचा. बांबू घालायचा तेव्हा त्याचे खांदे माझ्यात कुठे हरवायचे ते मलाही कळत नसे.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना कोट कशाला हवा? सांगतो. बांबूने कॉलेज सोडलं होतं, वडील अंथरुणाला खिळले म्हणून. पैलवानाला कॉलेजनेच सोडलं होतं, गणितात पुन्हा पुन्हा गटांगळ्या खाल्ल्या म्हणून. पण दुकानात येणाऱ्या मोडक्या मशीनांवर दोघं जेवणाच्या सुट्टीत प्रोग्राम लिहायला शिकले होते. हात दोघांचेही चांगले होते. मोठ्या कंपन्यांकडे अर्ज मात्र पाठवले की उत्तरच यायचं नाही. पदवीचा रकाना रिकामा दिसला की पुढचं कोणी वाचतच नसावं.

मग बांबूला कोणाकडून तरी कळलं की एका ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दर महिन्याला कॉम्प्युटरवाल्यांचा मीटअप भरतो. कोणीही यावं, कोणाशीही बोलावं, बिस्किटं खावीत आणि जावं. पदवी विचारायला दारावर कोणी बसत नाही. "आपण अर्जाच्या दाराने जाऊच नये," बांबू म्हणाला. "माणसांच्या ओळखीने जाऊ." आणि अशा ठिकाणी साहेबलोक कोट घालूनच येत असणार, याबद्दल दोघांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

पहिल्या खेपेला पैलवान मला घालून, केस पाणी लावून बसवून, हॉलमध्ये शिरला. आणि काय सांगू! झाडून सगळे टी-शर्टात. कोणाच्या पायात सपाता, कोणाचा टी-शर्ट इस्त्रीचं तोंडही न पाहिलेला. ज्यांच्या हाताखाली शेकडो माणसं काम करत होती ते चुरगळलेल्या चड्डीत बिस्किटं खात होते. अख्ख्या हॉलमध्ये कोट म्हणून मी एकटा. पैलवानाच्या काखेत घाम फुटला तो सगळा माझ्या अस्तराने प्यायला. कोणीतरी त्याला खुर्च्या मांडणारा मॅनेजर समजून माईक चालत नसल्याची तक्रारही केली. पैलवानाने मुकाट्याने माईक दुरुस्त करून दिला. पण त्यामुळे एक झालं. मी लक्षात राहिलो. पुढच्या महिन्यात बांबू मला घालून गेला तर लोक म्हणाले, "आला का कोटवाला!"

त्यानंतर दोघं आलटून पालटून जाऊ लागले. दोघांनी मिळून एक रीत ठरवली होती. तिथे कोणाकडे काम मागायचं नाही. समोरच्याचं काय अडलंय ते विचारायचं, जमलं तर सोडवून द्यायचं आणि निघायचं. पुढच्या खेपेला, मग झालं का ते नीट, म्हणून आठवणीने विचारायचं. आता पुढच्या खेपेला जाणारा दुसराच असायचा. म्हणून जो जाऊन यायचा तो दुसऱ्या दिवशी दुकानात दुसऱ्याला सगळं सांगायचा. कोणाचा प्रोग्राम कुठे अडतोय, कोणाच्या आईचं ऑपरेशन आहे, कोणाची बदली होणार आहे, असं सगळं. हातात स्क्रू ड्रायव्हर आणि तोंडाने ही उजळणी. गंमत अशी व्हायची की हॉलमधल्या पुष्कळांना कोटवाला एकच आहे असं वाटायचं. एकाने तर पैलवानाला विचारलं होतं, "काय रे, मागच्या वेळी उंच वाटला होतास?" पैलवान म्हणाला, "बूट उंच होते." त्या दिवशी दुकानात दोघं हसून हसून खाली बसले होते. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

एकदा बांबूची पाळी होती. एक कुरळ्या केसांचा इंजिनिअर कोपऱ्यात डोकं धरून बसला होता. त्याची कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम करायची. सकाळी दवाखाने उघडले आणि सगळीकडून एकदम लोक आले की त्यांचा प्रोग्राम कोलमडायचा. बांबू त्याच्या शेजारी बसला. हॉल रिकामा झाला, दिवे मालवायला माणूस आला, तरी दोघं बसून होते. माझ्या कोपराची शिवण त्या दिवशी टेबलावर घासून पांढरी पडली. शेवटी तो इंजिनिअर उठून उभा राहिला आणि त्याने बांबूला मिठी मारली.

पुढच्या महिन्यात पैलवानाची पाळी. हॉलमध्ये शिरतो न शिरतो तोच एक बाई सरळ माझ्याकडे चालत आल्या. हो, माझ्याकडेच, त्यांचे डोळे कोटावर होते. त्या म्हणजे कुरळ्या इंजिनिअरच्या कंपनीतल्या मोठ्या मॅडम. "तुम्हीच ना ते? आमचा कुरळ्या परदेशी बदलून गेला, पण जाताना सांगून गेला की त्या कोटवाल्याला सोडू नका. पदवी नाही म्हणे तुम्हाला? असू दे. माझ्या शब्दावर घेते. उद्या ऑफिसला या."

पैलवानाने तोंड उघडलं. मी त्याच्या छातीवर होतो, आतली धडधड मला ऐकू येत होती. पण तोवर मॅडम पुढच्या माणसाशी बोलायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानात सगळं जसंच्या तसं सांगितलं. बांबूने हातातला स्क्रू डबीत टाकला.

"तो मी नव्हे, असं बोलला नाहीस?"

"बोलणार होतो रे. त्या थांबल्याच नाहीत."

बांबूने डबीचं झाकण लावलं. त्याला वाईट वाटलं होतं, ते दिसतच होतं. मग त्याने माझी कॉलर सरळ केली आणि पैलवानाच्या पाठीवर थाप मारली. "नोकरी कोटाला लागलीय, आणि कोट काल तुझ्या अंगावर होता. जा तू. नाही म्हणालास तर दोघंही इथेच राहू. फक्त आत गेलास की मला ओढ."

"ओढतोच," पैलवान म्हणाला. त्याने माझी बाही मुठीत धरली होती. "या कोटाची शपथ."

मित्रांनो, माझी शपथ घेतलेली मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकली, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

पहिल्या दिवशी पैलवान मला घालून ऑफिसला गेला. तिथेही सगळे टी-शर्टातच होते. म्हणून संध्याकाळी त्याने मला बांबूच्या हवाली केलं. "आता मीटअपला तूच जात जा, दर महिन्याला. मी आतून बघतो." त्याचं ते बोलणं मनापासूनचं होतं, यात मला आजही शंका नाही.

पण एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती. बांबू मला घालून हॉलमध्ये गेला की लोक म्हणायचे, "कोटवाले, मजा आहे बाबा तुमची! लागलात ना तिकडे?" बांबू सांगायचा की लागला तो मी नाही, माझा मित्र. लोक हसायचे, त्यांना ती कोटवाल्याची नेहमीची थट्टा वाटायची. ज्याला नोकरी लागलीय त्याला कोण नोकरी देणार? मग बांबू एकदा मला घरी ठेवून गेला. तेव्हा त्याला कोणी ओळखलंच नाही. दोघांनी मिळून जमवलेली सगळी ओळख माझ्या कापडात शिवलेली होती आणि ती पैलवानाने आधीच वापरून टाकली होती. तिसऱ्या खेपेला बांबूने मला पुन्हा अंगात चढवलं आणि भिंतीला टेकून बिस्किटं खात उभा राहिला.

तिकडे पैलवानाचं चांगलं चाललं होतं. त्याने मान मोडून काम केलं. बांबू भेटला की तो म्हणायचा, जरा बस्तान बसू दे, मग तुझ्यासाठी शब्द टाकतो. बस्तान बसलं. मग लग्न झालं. बांबू वऱ्हाडी मंडळींत सगळ्यात पुढे होता आणि मी त्याच्या अंगावर होतो. पुढे आमची गाठ क्वचितच पडायला लागली.

त्या दिवसांत पैलवानाच्या घरी काय झालं ते मला फार नंतर, त्याच्या कपाटात लटकत असताना कळलं. तेव्हा तो बायकोशी बोलत होता आणि कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. पैलवानाने एकदा शब्द टाकला होता. पण तो बांबूसाठी नाही, मेहुण्यासाठी. मेहुणा पदवी घेऊन घरी बसला होता, सासूबाई येता जाता डोळ्यांना पदर लावत होत्या आणि बायको जेवताना बोलेनाशी झाली होती. बांबू काय, समजून घेणारा आहे, पुढच्या वेळी त्याचं बघू, असं पैलवानाने मनाला समजावलं. मेहुणा लागला. आणि एका दिवशी घाईघाईने घरी जायचं म्हणून त्याने प्रोग्राममधला एक बदल न तपासताच दवाखान्यांत चालू करून दिला. एका रुग्णाचे रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर जाऊ लागले. एका म्हातारीला नको ते औषध गेलं. ती वाचली, पण तो दवाखाना कंपनीला सोडून गेला आणि मेहुण्याला घरी बसवण्यात आलं. मॅडमनी पैलवानाला बोलावून सांगितलं, "तुमच्या शब्दाला आता इथं वजन नाही. पुन्हा तुमच्या ओळखीचा माणूस माझ्यासमोर आणलात, तर त्याच्याबरोबर तुम्हीही बाहेर जाल."

यातलं बांबूला काहीच ठाऊक नव्हतं. पैलवानाला सांगायची लाज वाटली होती.

आणि नेमकी तेव्हाच त्या कंपनीत एक जागा निघाली. बांबूने ती मीटअपमध्येच ऐकली, स्वतःच खटपट केली आणि मुलाखतीचं बोलावणं मिळवलं. त्याच संध्याकाळी तो मला घालून पैलवानाच्या घरी गेला. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. दुरुस्तीचं दुकान मालक बंद करणार होता, कारण लोक आता मशीन दुरुस्त करत नाहीत, नवीनच घेतात. धाकटी बहीण शिकत होती. बांबूने हे सगळं एका दमात सांगितलं आणि पाण्याचा पेला हातात घेऊन बसून राहिला.

"ही शेवटचीच संधी समज. यापुढे मला कोण बोलावणार? वय बघ माझं," तो म्हणाला. "तू काही वाढवून सांगू नकोस. मी काय केलंय ते फक्त खरं सांग. बास."

"मीच असणार आहे मुलाखत घ्यायला," पैलवान म्हणाला. "तू काळजी करू नको." वहिनींनी चहा आणला. जाताना पैलवान दारापर्यंत आला आणि त्याने माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

मुलाखतीची खोली लहान होती. काचेचं टेबल, पलीकडे तिघं. मध्ये मॅडम, एका बाजूला भरतीचं काम पाहणारा गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला पैलवान. गृहस्थाने कागद उलटसुलट केला. "पदवी नाही. मोठ्या जागी काम केल्याचा अनुभव नाही. आमच्याकडे तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का? तुमच्या कामाबद्दल सांगू शकेल असं?"

बांबू पैलवानाकडे बघून किंचित हसला आणि वाट पाहू लागला. त्याला वाटलं असणार, आपण नाव घेण्यापेक्षा त्याने आपणहून बोललेलं बरं.

पैलवान पेनाचं टोपण लावत आणि काढत बसला.

मॅडमचं लक्ष माझ्याकडे गेलं होतं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा कोट मी कुठंतरी पाहिलाय." मग त्या पैलवानाकडे वळल्या. "तुम्ही पण त्या मीटअपमधूनच आलात ना? ओळखता का यांना?"

मित्रांनो, त्या खोलीत पैलवानाला नीट ओळखणारा मी होतो. तो बोलेल अशी माझी खात्री होती.

"चेहरा पाहिल्यासारखा वाटतोय," पैलवान म्हणाला. "नक्की नाही सांगता येणार."

मॅडम अजूनही माझ्याकडेच बघत होत्या. आता त्यांना आठवणारच होतं, पैलवान पहिल्या दिवशी कोणता कोट घालून आला होता ते. पैलवानाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बांबूने ते पाहिलं आणि तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "भाड्याचा कोट आहे, मॅडम. मुलाखतीसाठी आणलाय. बऱ्याच जणांनी घातला असेल."

मॅडम हसल्या आणि विषय संपला. मग दोन-चार प्रश्न विचारायचे म्हणून विचारले गेले. बांबूने सगळ्यांची नीट उत्तरं दिली, सगळ्यांना नमस्कार केला आणि तो जिने उतरून खाली आला. लिफ्ट होती, पण तिच्यासाठी तो थांबला नाही. खालच्या मजल्यावर आल्यावर त्याने मला अंगातून काढलं, घडी घातली आणि हातावर घेतलं. घरापर्यंत त्याने मला तसंच नेलं.

ती नोकरी त्याला मिळाली नाही, हे वेगळं सांगायला नको.

काही दिवसांनी त्याने मला धुऊन, इस्त्री करून पैलवानाच्या घरी आणलं. पैलवान ऑफिसात होता. "वहिनी, त्याचा कोट," एवढंच तो दारात म्हणाला. वहिनी आत या म्हणाल्या, चहा टाकते म्हणाल्या, पण तो आला नाही. डावा खिसा त्याने पूर्ण रिकामा केला होता, आत साधी बिस्किटाची कणीही ठेवली नव्हती. आणि माझ्या दोन्ही बाह्या त्याने पैलवानाच्या मापाला आत दुमडून सेफ्टी पिना लावून ठेवल्या होत्या. पैलवानाने संध्याकाळी मला पाहिलं, त्या पिनांना हात लावला आणि मला कपाटात मागच्या बाजूला टांगलं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला.

मग माझी वर्षं कपाटात गेली. डांबरगोळ्यांचा वास, अंधार आणि दाराच्या फटीतून ऐकू येणारं घरातलं बोलणं. अधूनमधून वहिनी विचारायच्या, "बांबूभावजी येत नाहीत हल्ली?" पैलवान म्हणायचा, "कामात असेल." एकदा त्या बाजारातून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, बांबूभावजी दिसले. गोदामात खोकी उचलतात. पाठीला पट्टा बांधला होता. मी हाक मारली तर ओळख दाखवली नाही." पैलवानाने टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर वहिनींनीही तो विषय काढला नाही.

पुढे पैलवानाची कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. मॅडम आधीच सोडून गेल्या होत्या. नव्या लोकांनी कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं हे ठरवायला बसल्यावर पदवी नसलेल्यांची नावं सगळ्यात आधी काढली. पैलवान घरी आला. त्याने ओळखीच्या माणसांना फोन लावायला सुरुवात केली. पण त्याच्या सगळ्या ओळखी त्याच ऑफिसातल्या, आणि ती माणसंही फोन घेऊन घरीच बसली होती. जी थोडी बाहेरची होती ती म्हणायची, "बघतो, सांगतो." दिवसभर कपाटाच्या फटीतून मी तेवढंच ऐकायचो. शेवटी एका दुपारी, घरात कोणी नसताना, त्याने बांबूचा नंबर लावला. तो नंबर आता एका अनोळखी बाईचा होता. गोदामात जाऊन चौकशी केली, तर बांबू पाठीच्या दुखण्याने काम सोडून बहिणीबरोबर दुसऱ्या गावी गेलाय एवढं कळलं. कोणत्या गावी, ते कोणाला माहीत नव्हतं.

मग कुठून तरी एका मुलाखतीचं जमलं. पैलवानाने मला बाहेर काढलं. पिना गंजून कापडाला चिकटल्या होत्या, त्या काढल्यावर बाह्यांवर तांबडे डाग राहिले. मला घेऊन तो त्याच अरुंद दुकानात गेला. शिंपी काका गेले होते, मशीनवर त्यांची मुलगी बसली होती. तिने मला पालथं केलं, खांदे पाहिले, बाह्या पाहिल्या आणि चक्रावून विचारलं, "काका, खांदे तुमचे आहेत, पण बाह्या दुसऱ्याच कोणाच्या मापाच्या दिसतात. कोणाच्या हो?"

पैलवान दारात उभा होता. बराच वेळ तो रस्त्यापलीकडे, दुरुस्तीचं दुकान होतं तिकडे बघत राहिला. आता तिथे कुलूप लावलेलं शटर होतं.

"माझ्याच आहेत," तो म्हणाला. "शिवताना चुकल्या. कापून टाका."

तिने खडूने खूण केली आणि कात्री चालवली. दोन्ही बाह्यांचं चार चार बोटं कापड जमिनीवर पडलं. तिने ते पायाने चिंध्यांच्या ढिगात सारली. मित्रांनो, कापडाला दुखतं का, असं तुम्ही विचाराल. मला तरी दुखलं. बांबूचं माझ्यात जेवढं होतं तेवढं त्या ढिगात गेलं. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच एका माणसाला अंगाबरोबर बसलो.

मुलाखत एका तरुण पोरीने घेतली. पैलवानाचं काम तिला आवडलं असावं. तिने शेवटी विचारलं, "सर, पदवीचं आम्ही फार बघत नाही. फक्त तुमच्यासोबत काम केलेलं, तुमच्याबद्दल खात्रीने सांगेल असं कोणीतरी एक नाव द्या. आम्ही बोलून घेऊ."

पैलवानाने माझ्या बाहीच्या नव्या काठावरून बोट फिरवलं. मग त्याने एक नाव सांगितलं. मला ते नवं होतं. पुढचं बोलणं ऐकल्यावर माझ्या ध्यानात आलं की ते बांबूचं खरं नाव आहे. इतकी वर्षं त्याच्या अंगावर राहून मी ते कधी ऐकलं नव्हतं.

"हे कसे ओळखतात तुम्हाला?" पोरीने विचारलं.

"एका कोटात राहिलोय आम्ही," पैलवान म्हणाला.

पोरगी गोंधळली. तिने पेन उचललं. "बरं. यांचा नंबर?"

"माहीत नाही."

"कुठं असतात सध्या?"

"तेही माहीत नाही."

तिने पेन खाली ठेवलं. पैलवान उठला, दार हळूच लावून बाहेर आला आणि जिन्यात पायरीवर बसला. त्याने माझ्या बाहीने डोळे पुसायला हात वर केला. बाही आता त्याच्या मनगटावर अगदी नेमकी बसली होती.

तो आता एका मोबाईलच्या दुकानात काचांना कव्हरं चिकटवतो. मला त्याने पुन्हा कधी घातलं नाही. वहिनींनी घर आवरताना मला तुमच्या शाळेत देऊन टाकलं आणि मी मुकुट, पिशवी आणि दाढीच्या शेजारी येऊन पडलो.

तेव्हा चष्मेवाल्या मुली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. मी दोघांचा होतो. माझ्या काठाला जी नवी शिवण तुझ्या बोटाला लागली, तिच्यापुढे अजून चार बोटं कापड होतं आणि ते एका उंच माणसाचं होतं. मुलांनो, नाटक झाल्यावर मला पेटीत कोंबण्याआधी घडी घाला, माझ्यावर रंग सांडू नका, उंदरांपासून मला वाचवा, असं मागायचं माझ्या मनात होतं. पण तेवढं नाही जमलं तरी चालेल. उद्या तुम्ही मोठे व्हाल, काचेच्या टेबलाच्या त्या बाजूला बसाल. समोर तुमचं जुनं माणूस वाट बघत बसलेलं असेल आणि कोणीतरी विचारेल, याला ओळखता का? तेव्हा पेनाशी चाळा करू नका. ओळखतो, म्हणून सांगा.